डिसेंबरच्या थंडीत ताडोबा: ७१ वर्षांचे बाबा आणि ७ वर्षांचा मुलगा सोबत आहे, तयारी काय करू?

गोदाकाठ_मीनल | ७ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही ताडोबाला चाललोय. मी, नवरा, मुलगा (वय ७) आणि माझे बाबा (वय ७१, शुगर आहे, बाकी तब्येत चांगली). मोहर्ली गेटच्या सकाळच्या दोन आणि दुपारची एक अशा तीन सफारी मिळाल्यात.

बाबा आयुष्यभर एसटीत होते. गावोगावच्या लोकांना पोचवलं पण स्वतः कुठे फिरायला म्हणून गेले नाहीत. जंगलातला वाघ बघायचा हे त्यांच्या मनात मी शाळेत असल्यापासून आहे, त्यामुळे ही ट्रिप माझ्यासाठी नुसती सुट्टी नाहीये.

आता काळजी अशी की इथे नाशकात गंगापूर रोडला आत्ताच सकाळी नळाचं पाणी हातात घेववत नाही, मग पहाटे उघड्या जिप्सीत चार तास बाबांना आणि पोराला झेपेल का? कपडे काय न्यायचे, शुगरच्या माणसाने पहाटे खाण्याचं कसं करायचं, आणि खरं सांगा, थंडीत वाघ दिसतो का? ऑफिसमध्ये एकजण म्हणाला थंडीत जाऊन काही उपयोग नाही, मेमध्येच जायचं असतं. तेव्हापासून जीव खालीवर होतोय.

रानवेडा_सिडको | ७ डिसेंबर, रात्री ११:१५

मीनलताई, ऑफिसातला माणूस अर्धं बरोबर बोलला. पावसाळा संपून दोन-तीन महिनेच झालेले असतात त्यामुळे डिसेंबरात ओढ्या-नाल्यांत पाणी असतं, गवत उंच असतं, बांबू भरलेला असतो, वाघाला पाणवठ्यावर यायची गरजच नसते आणि चार हात अंतरावर बसला तरी दिसत नाही. मेमध्ये पाणी आटतं, पानं झडतात, सगळी जनावरं मोजक्या पाणवठ्यांवर येतात म्हणून दिसतात. पण मेमध्ये चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो, दुपारची सफारी म्हणजे भट्टीच्या तोंडाशी बसणं. ७१ वर्षांच्या माणसाला आणि लहान मुलाला घेऊन मी मेमध्ये कधीच जाणार नाही. थंडीवर कपडा चढवता येतो, उन्हाला काय चढवणार?

शिवाय थंडीत एक फायदा असतो तो कुणी सांगत नाही. रात्रभर गारठलेलं जनावर सकाळी ऊन शोधतं. वाघ, बिबट्या, अस्वल, मगर सगळे. ८ ते ९:३० च्या दरम्यान जिथे पहिलं ऊन पडतं तिथे नजर ठेवायची, म्हणजे तलावाचा काठ, रस्त्याचं पूर्वेकडे उघडं असलेलं वळण, फायर लाइन (वणवा अडवायला साफ केलेला पट्टा). मी ताडोबात पाच वेळा गेलोय, त्यातले हिवाळ्यातले दोन वाघ असेच उन्हात बसलेले बघितले.

पंचवटी_प्राजक्ता | ८ डिसेंबर, सकाळी ७:०५

मंगळवारी ताडोबा बंद असतं, तारखा एकदा बघून घे गं. आणि सगळ्यांचं ओरिजिनल ओळखपत्र, ज्याचा नंबर परमिटवर टाकलाय तेच. आमच्या मावशीच्या परमिटवर एक नाव आणि आधारवर माहेरचं नाव, एका गेटवर पहाटे पाऊण तास थंडीत उभं राहिलो, शेवटी मावशीला रूमवर परत जावं लागलं. बिचारी एवढे थर्मल वगैरे घालून तयार झालेली. फॉर्म आमच्या एजंटने भरला होता आणि आम्ही तो वाचलाच नाही.

ओझरकर_काका | ८ डिसेंबर, सकाळी ८:३०

मी जंगलात एकदाच गेलोय पण थंडी मला चांगली ठाऊक आहे. ओझरला कंपनीत ३० वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी पहिल्या पाळीला स्कूटरवर, डिसेंबर-जानेवारीत दहावा मैल ओलांडला की हाताची बोटं आपली राहत नसत. तेव्हा एक गोष्ट सांगतो. माणसाला थंडी मारत नाही, वारा मारतो. थर्मामीटर ८ दाखवत असेल आणि गाडी ताशी ३० ने चालली असेल तर अंगाला ४ डिग्री असल्यासारखं लागतं. ५ असेल तर शून्य. हे हवामानवाल्यांचं सूत्र आहे, मी मुलाकडून काढून घेतलं.

म्हणून जाड स्वेटर घालून भागत नाही. लोकरीतून वारा आरपार जातो. वरून वारा न शिरणारं काहीतरी पाहिजे, विंडचीटर असो की रेनकोटचं जॅकेट. आणि आमचा जुना उपाय, स्वेटर आणि जॅकेटच्या मध्ये छातीवर वर्तमानपत्राची चार पानं उघडून घालायची. आमच्या पाळीतले सगळे घालायचे. फुकट आहे, हलकं आहे आणि ऊन आलं की घडी करून बॅगेत जातं. तुमच्या वडिलांना हे मी सांगायला नको, एसटीवाल्यांना माहीत असणार.

पाय विसरू नका. जिप्सीत पाय हलत नाहीत. दोन मोजे घालायचे पण बूट आवळून बसतील इतके जाड नाही, रक्त फिरायला जागा हवी.

गोदाकाठ_मीनल | ८ डिसेंबर, सकाळी ९:१०

काका, बाबांना आत्ता वाचून दाखवलं, ते म्हणाले "पेठच्या घाटात पहाटेच्या गाडीला आम्ही पण घालायचो." कपाटातून माकडटोपी काढून ठेवलीये त्यांनी.

कॉलेजरोड_क्लिक | ८ डिसेंबर, दुपारी १:२०

कॅमेरा नेणार असाल तर दोन गोष्टी. थंडीत बॅटरी पटकन उतरते, जास्तीची बॅटरी पँटच्या नाही तर आतल्या शर्टच्या खिशात अंगाला चिकटून ठेवा, कधीकधी संपलेली दाखवणारी बॅटरी ऊब लागली की पुन्हा दहा-पंधरा फोटो देते. आणि सफारीहून परत आल्यावर गार कॅमेरा एकदम गरम खोलीत बाहेर काढू नका, लेन्सवर आणि आतही दव धरतं. बॅग बंद ठेवून तास-दीड तास तशीच राहू द्या.

मोबाईलवर भिस्त ठेवू नका, ताडोबात कोरमध्ये (आतल्या संरक्षित जंगलात) मोबाईल नेऊ देत नाहीत. मला ते फार बरं वाटतं. चार तास कुणी मान खाली घालत नाही.

धुळीसाठी जुना मऊ पंचा न्या, कॅमेऱ्यावर टाकायला आणि वेळ पडली तर तोंडावर पण.

दवाखाना_इंदिरानगर | ८ डिसेंबर, रात्री ९:५०

मी डॉक्टर आहे, थोडं सविस्तर लिहिते कारण शुगर आणि थंडी या जोडीकडे लोक दुर्लक्ष करतात.

एक, गरम पाण्याची पिशवी. थंडीत बरेच रिसॉर्टवाले जिप्सीत ब्लँकेट आणि ही पिशवी देतात, फार छान वाटतं. पण ज्यांना बरीच वर्षं शुगर आहे त्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. पिशवी थेट पायावर ठेवली तर चटका बसलेला कळत नाही आणि संध्याकाळी मोजा काढल्यावर फोड दिसतो. शुगरच्या पायाला फोड म्हणजे महिनाभराचं दुखणं. पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर किंवा पोटाशी धरायची, पायाला नाही. सफारीहून आल्यावर दोन्ही पाय तळव्यासकट उजेडात बघायचे.

दोन, खाणं. पहाटे ५ ला उठायचं, साडेपाचला निघायचं आणि नाश्ता एकदम साडेदहाला, यात शुगरची सकाळची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या वेळी घेतलं आणि पोटात काही गेलं नाही तर शुगर खाली येते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं, आणि थंडीत थरथर दिसली की सगळ्यांना वाटतं गारठलेत! म्हणून निघण्याआधी काहीतरी पोटात हवंच, खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी हवी, आणि गोळीची वेळ कशी बदलायची ते त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून या. इथे कुणी सांगितलं म्हणून बदलू नका.

तीन, थंडीत तहान लागत नाही आणि लघवीला मात्र जास्त होते, मग लोक पाणीच पीत नाहीत. तसं करू नका. गाडीतून वाटेल तिथे उतरता येत नाही, ठराविक जागीच उतरता येतं, तर निघाल्या निघाल्या गाइडला सांगून ठेवा की वाटेत थांबायला लागेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही, त्यांना रोजची सवय असते.

मुलाला दम्याचा किंवा बालदम्याचा त्रास असेल तर गार कोरड्या हवेने खोकला उठतो. नाकातोंडावरून सुती रुमाल आणि इन्हेलर आतल्या खिशात.

गोदाकाठ_मीनल | ८ डिसेंबर, रात्री १०:३०

डॉक्टर, मनापासून आभार. पिशवीचं मला कधीच सुचलं नसतं, मी तर बाबांच्या पायाशी ठेवायलाच म्हणून दोन पिशव्या घेऊन आले होते.

चंद्रपूरची_लेक | ९ डिसेंबर, सकाळी ६:४५

मी मूळची चंद्रपूरची, लग्न होऊन नाशिकला आले, आता १४ वर्षं झाली. तुमचा धागा वाचून राहवलं नाही.

नाशिकचे लोक म्हणतात विदर्भ म्हणजे ऊन. पण जंगलातली थंडी वेगळी असते जी. गावात १२ असेल तर तलावाच्या काठाला आणि नाल्याच्या खोलगट भागात ती आणखी उतरते, जिप्सी उतारावरून खाली गेली की गार पाण्यात पाय टाकल्यासारखं होते. आणि दहा वाजता तेच जंगल स्वेटर काढायला लावते, दुपारी तर २८-२९. म्हणून एकच जाडजूड कोट नको, चार पातळ थर घ्या. मोकळी पिशवी पायाशी ठेवा, काढलेलं त्यात टाकायला. रंग मळखाऊ घ्या, पोराची लाल टोपी घरीच राहू द्या.

बघायचं काय तर फक्त वाघ नका बघू. ताडोबा तलावाच्या काठावर मगरी ऊन खायला येतात त्या थंडीतच सगळ्यात छान दिसतात. दव पडलेली मोठ्या कोळ्यांची जाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूला चमकत असतात, या झाडापासून त्या झाडापर्यंत. मोहर्लीवरून तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला गोंड राजांच्या काळातले दगडी खांब लागतील, गाइडला विचारा, सांगतील. तलावाकाठी तारूचं ठाणं आहे, गोंड लोकांचा देव, त्यावरूनच ताडोबा नाव पडलं असं आमच्याकडे सांगतात. तारू गावचा प्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना गेला. माझी आजी पौषात तिथल्या जत्रेला बैलगाडीने जायची, तिच्या तोंडून ऐकलेलं आहे.

प्रवासी_म्हसरूळ | ९ डिसेंबर, दुपारी १२:१०

कसे जाणार? आम्ही दोन्ही करून बघितलंय. विदर्भ एक्सप्रेसने रात्री नाशिकरोडला बसलं की सकाळी नागपूर, तिथून गाडी करून मोहर्लीला साधारण तीन-साडेतीन तास. किंवा सिन्नरला गोंदेच्या इंटरचेंजवरून समृद्धीवर चढायचं. समृद्धीने जाणार असाल तर टायरची हवा आणि वय दोन्ही तपासा, सरळ रस्त्यावर १२० ने तासन्‌तास गाडी पळते आणि टायर तापतात, आणि दर दीड-दोन तासांनी थांबा. मोठी माणसं सोबत असतील तर मी ट्रेनच म्हणेन. आदला अख्खा दिवस गाडीत बसून दुसऱ्या दिवशी पहाटे परत जिप्सीत कंबर आदळून घेणं ७१ व्या वर्षी नको.

जुलैतला_क्रुगर | ९ डिसेंबर, रात्री ११:४०

थोडं वेगळं लिहितो. भाऊ जोहान्सबर्गला असतो म्हणून आम्ही दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये क्रुगरला, तिकडच्या मोठ्या राष्ट्रीय उद्यानात, गेलो होतो. तिकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, आणि गंमत म्हणजे पाऊस उन्हाळ्यात पडतो त्यामुळे हिवाळा कोरडा, गवत वाळून आडवं, झाडांना पानं नाहीत, जनावर पाणवठ्यावर. म्हणजे आपल्या मे महिन्यातली दृश्यमानता आणि डिसेंबरातली थंडी एकाच वेळी. तिथे गेम ड्राइव्हसाठी हिवाळाच उत्तम मानतात, मलेरियाचा धोकाही त्या दिवसांत कमी असतो.

गाड्या उंच, तिन्ही बाजूंनी उघड्या. मी "आपण नाशिकचे, थंडीची सवय आहे" म्हणून एका जॅकेटवर चढलो. सूर्य उगवायच्या आधीची फेरी होती. वीस मिनिटांत दात वाजायला लागले, समोर डांबरी रस्त्यावर चार सिंहिणी आडव्या पडलेल्या (डांबर रात्रभर ऊब धरून ठेवतं म्हणून त्या तिथे येतात असं गाइड म्हणाला) आणि माझा हात इतका कापत होता की एकही फोटो स्थिर आला नाही.

मला त्या गाइडची पद्धत फार पटली. तो दर थोड्या वेळाने गाडी थांबवून इंजिन बंद करायचा आणि पाच-सात मिनिटं कुणालाच बोलू द्यायचा नाही. सुरुवातीला वाटलं वेळ घालवतोय. पण गाडी थांबली की वारा थांबतो, वारा थांबला की अंगात जीव येतो, आणि इंजिन बंद असलं की जंगल ऐकू येतं. ओझरकर काकांनी वर वाऱ्याचं लिहिलंय ते वाचून हेच आठवलं. वडिलांना थंडी वाजली तर परत फिरा म्हणू नका, थांबा म्हणा.

रानवेडा_सिडको | १० डिसेंबर, सकाळी ७:३०

क्रुगरवाले भाऊ, शंभर टक्के. आपल्याकडे उलटं चालतं. पुढे साइटिंग चालू आहे (वाघ दिसतोय) असं समोरच्या जिप्सीवाल्याने हाताने खुणावलं की सगळ्या गाड्या धावतात. ड्रायव्हरचाही दोष नाही, पर्यटकाला वाघ नाही दिसला तर तोंड पडतं, टिप जाते. मीनलताई, गेटवरच स्पष्ट सांगा की आम्हाला धावायचं नाहीये. वानराचा खॉक-खॉक, चितळाची शिट्टीसारखी किंचाळी, भेकराचं भुंकणं, हे धावत्या गाडीत कानावर येतच नाही. वानर आणि चितळ कधीकधी उगाचही ओरडतात, पण सांबर ढांक् करून ओरडलं तर समजा जवळ खरंच काहीतरी आहे.

त्र्यंबकनाका | १० डिसेंबर, सकाळी ११:००

तरीही माझं मत वेगळं आहे. एवढा खर्च करून नाशिकहून जायचं आणि कोळ्याची जाळी बघून यायचं? बाबांना वाघ बघायचाय. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात जा. पहाट सुसह्य, पानगळ सुरू झालेली, ऊन अजून पेटलेलं नसतं. आम्ही तेव्हा गेलो आणि वाघीण बछड्यांसकट बघितली.

चंद्रपूरची_लेक | १० डिसेंबर, दुपारी २:२५

मार्च चांगलाच आहे, नाही म्हणत नाही. पण मुलाची शाळा, परीक्षा, आणि परमिट निघालेलं आहे. मिळालेल्या दिवसात काय करायचं ते सांगूया ना.

बारशिंगा_प्रेमी | १० डिसेंबर, रात्री ९:१५

थंडी सहन होते असं कळलं तर पुढच्या वर्षी मध्य प्रदेशातल्या कान्हाला जा. ताडोबापेक्षा कितीतरी जास्त गारठा, डिसेंबर-जानेवारीत मैदानांवर पहाटे गवत पांढरं झालेलं असतं, पारा शून्याजवळ जातो. आणि तेच दिवस बारशिंगा हरणांच्या माजाचे. नर शिंगांवर गवताचे पुंजके अडकवून फिरतात, धुक्यातून त्यांचा आवाज येतो, तोंडातून वाफ निघताना दिसते. १९७० मध्ये कान्हात हे फक्त ६६ उरले होते, जगात ही कठीण जमिनीवरची जात दुसरीकडे कुठे राहिलीच नव्हती. तिथून ते परत वाढवलेत. मला वाघ बघूनही कधी डोळ्यात पाणी आलं नाही, ते तो कळप धुक्यातून येताना आलं.

बुधवारी दुपारी कान्हा बंद असतं, लक्षात ठेवा.

ओझरकर_काका | ११ डिसेंबर, सकाळी ८:००

मीनल, एक सुचवू का? जायच्या आधी एखाद्या रविवारी सगळ्यांना पहाटे नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात घेऊन जा. ४०-४५ किलोमीटर आहे, निफाड तालुक्यातलीच थंडी, शेतकरी द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात तिथली. जे कपडे ताडोबाला नेणार तेच घालायचे, गाडीच्या काचा खाली करून चापडगावपर्यंत जायचं आणि मनोऱ्यावर तास-दीड तास स्वस्थ बसायचं. कुणाचे कान गार पडतात, कुणाचे पाय, तिथेच कळेल, आणि काही कमी पडलं तर शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधून घ्यायला वेळ राहील. गोदावरी-कादवाच्या संगमावरचं धरणाचं पाणी, राज्यातली पहिली रामसर जागा (जागतिक महत्त्वाची पाणथळ), पाखरं तर भरपूर असतातच.

गोदाकाठ_मीनल | १५ डिसेंबर, दुपारी ४:३०

काका, काल जाऊन आलो! मुलाचे हातमोजे अगदी कुचकामी निघाले, बाबांना मात्र कुठेच थंडी वाजली नाही, मला गुडघ्यांना वाजली. गुडघ्यांना! थर्मल पँट फक्त बाबांसाठी घेतली होती, आता माझ्यासाठीही आणली. चक्रवाकांची जोडी दिसली, तिथल्या गाइडच्या दुर्बिणीतून मुलाने बघितली आणि घरी येऊन चित्र काढलं. आता निघायची वाट बघतोय.

गोदाकाठ_मीनल | २ जानेवारी, रात्री ९:००

मंडळी, परत आलो. लांबलचक लिहिणार आहे, वाचा.

पहिली सकाळ बिघडली. मी गेटवर बोलायला विसरले, सगळे इतके उत्साहात होतो. आत शिरल्यावर दहाच मिनिटांत समोरून येणाऱ्या जिप्सीवाल्याने खूण केली आणि आमच्या ड्रायव्हरने गाडी अशी काढली की बाबांचे डोळे वाऱ्याने गळायला लागले, मुलगा माझ्या शालीत डोकं खुपसून बसला, मी दोन्ही हातांनी बार धरलेला. पोचलो तर पुढे बारा-पंधरा गाड्या आणि बांबूच्या आड पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा वीतभर तुकडा, तो पण हलला आणि गेला. बाबा म्हणाले "दिसला की." पण आवाजात काही नव्हतं, ते थरथरत होते. मला डॉक्टरांचं आठवलं, थंडी की शुगर कळेना, लगेच दोन बिस्किटं आणि थोडी साखर दिली, पाच-सात मिनिटांत थांबलं. खोलीवर आल्यावर मशीनने मोजलं तेव्हा ठीक होती. पण त्या पाच मिनिटांत माझा जीव गोळा झाला होता. निघताना त्यांनी फक्त चहा घेतला होता, "इतक्या पहाटे खाववत नाही" म्हणून, आणि मी आग्रह केला नव्हता.

दुपारची सफारी निवांत. तलावाकाठी तीन मगरी, एक तोंड उघडून पडलेली, मुलाने विचारलं ती जांभई देतेय का. गोंडांचे खांब बघितले. तारूच्या ठाण्याची गोष्ट गाइडने जवळजवळ चंद्रपूरच्या लेकीने सांगितली तशीच सांगितली.

तिसरी सफारी, पुन्हा सकाळची. आदल्या रात्रीच रिसॉर्टवाल्याकडून बाबांसाठी पोळी-भाजी मागून ठेवली होती, ती खाऊनच निघालो. छातीवर वर्तमानपत्र, त्यावर जॅकेट, पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून पोटाशी. गेटवर मी ड्रायव्हरदादांना आणि गाइडताईंना सांगितलं की आम्हाला वाघाच्या मागे जायचं नाहीये, जिथे ऊन येईल तिथे थांबवा आणि इंजिन बंद करा. गाइडताईंनी माझ्याकडे जरा बघितलं आणि म्हणाल्या, "असं कोणी सांगत नाही मॅडम."

त्या दिवशी त्यांच्या शेजारीच बसले होते म्हणून दिसलं, अंगात खाकी स्वेटर, हात उघडे. बोटांची टोकं पांढरी पडलेली आणि त्याच बोटांनी त्या आम्हाला ठसे दाखवत होत्या. पहाटे साडेचारला गावातून स्कूटीने निघतात, रोज. बाबांनी स्वतःचे हातमोजे काढून पुढे केले. त्या नको म्हणाल्या. बाबा म्हणाले, "मी कंडक्टर होतो पोरी, मला माहितीये उघड्या हाताने तिकीट फाडताना काय होतं." मग घेतले.

एका वळणावर थांबलो. डावीकडे सागाची झाडं, उजवीकडे गवताचा उतार, ऊन नुकतं रस्त्याच्या मध्यापर्यंत आलेलं. इंजिन बंद केल्यावर पहिल्यांदा कळलं की इतका वेळ आपण किती गोंगाटात होतो. दवाचे थेंब सागाच्या पानांवर पडतात त्याचा आवाज येतो! टप, टप, मोठा, कुणी चालल्यासारखा. दहा मिनिटं काहीच झालं नाही. मुलगा चुळबुळला नाही, मला आश्चर्य वाटलं. मग गवतातून एक बारीक शीळ आली, पाखराची वाटावी अशी. गाइडताईंनी हातमोज्यातलं बोट ओठांवर ठेवलं.

एकामागून एक रानकुत्रे रस्त्यावर आले. नऊ होते, मुलाने मोजले. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी. आमच्याकडे एकदा बघितलं आणि जिथे ऊन होतं बरोबर त्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर अंग टाकून ढीग करून बसले. आम्ही असू वीसेक पावलांवर. सगळ्यात जवळच्याने जांभई दिली तेव्हा तोंडातून वाफ निघालेली दिसली, मिशीवर दवाचे थेंब होते. दोघं उठून एकमेकांचे कान चावत गोल गोल पळाले, परत येऊन ढिगात शिरले. ऊन सरकलं तसा ढीगही सरकला. आम्ही पस्तीस मिनिटं तिथे होतो आणि एकही दुसरी गाडी आली नाही, सगळ्या कुठेतरी वाघाकडे गेल्या असाव्यात.

बाबा काही बोलले नाहीत. परत येताना गेटजवळ म्हणाले, "यांना पण माणसासारखंच शेकायला लागतं." आणि रात्री जेवताना नातवाला तीच गोष्ट तीन वेळा सांगितली, तो तिथेच होता तरी.

पूर्ण वाघ दिसला नाही. बाबांना विचारलं परत यायचं का, तर म्हणाले कान्ह्याची ती बारशिंगा का काय, ती कधी असतात?

बारशिंगा_प्रेमी | २ जानेवारी, रात्री ९:४०

मीनलताई, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. बाबांना माझा नमस्कार सांगा.

दवाखाना_इंदिरानगर | २ जानेवारी, रात्री १०:०५

साखर लगेच दिलीत ते बरोबर केलंत. शंका असली की आधी द्यायची, मग मोजायची. कान्ह्याला जाताना मशीन खोलीवर न ठेवता जिप्सीत घ्या, आणि अंगाजवळ ठेवा, फार गार पडलं तर ते चालत नाही. पाय बघितले का रोज?

गोदाकाठ_मीनल | २ जानेवारी, रात्री १०:२०

हो डॉक्टर, रोज रात्री. व्यवस्थित आहेत.

पंचवटी_प्राजक्ता | ३ जानेवारी, सकाळी ७:१५

गाइडताईंचं वाचून एक वाटलं. आमच्या सोसायटीत चांगले हातमोजे, कानटोप्या, विंडचीटर कपाटात पडून आहेत. जो कुणी पुढच्या महिन्यात जाणार असेल त्याच्यासोबत पाठवूया का? धुऊन, चांगलेच, फाटके नकोत.

प्रवासी_म्हसरूळ | ३ जानेवारी, सकाळी ८:५०

आम्ही ३० जानेवारीला ताडोबाच्या कोलारा गेटला जातोय, गाडीत जागा आहे. मोठ्या मापाचे हातमोजे आणि वारा अडवणारी जॅकेट जास्त द्या, स्वेटर त्यांच्याकडे असतात.

ओझरकर_काका | ३ जानेवारी, सकाळी ९:३०

माझ्याकडे कंपनीचे दोन जॅकेट आहेत, एकदाही न घातलेले. रविवारी मी नांदूर मध्यमेश्वरला चाललोय, पहाटे पावणेसहाला नांदूर नाक्यावर चहाच्या टपरीपाशी उभा असेन. ज्यांना यायचंय त्यांनी या, कपडेही तिथेच द्या, म्हसरूळवाल्यांनी मोठी पिशवी आणा. मीनल, बाबांना घेऊन ये.

गोदाकाठ_मीनल | ३ जानेवारी, सकाळी ९:४५

येतो काका. बाबांनी आत्ताच माकडटोपी उन्हात टाकली.